आजची सुंदर वही

"बाई, नेट गेलं."

सोनल मुरदंडे हे म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता, मागच्या दारातून एक कोंबडी मान हलवत आत येत होती आणि सोनलचे ओठही मला व्यवस्थित हलताना दिसत होते. नेट गेलं की माणसाचं चित्र जागच्या जागी थिजतं, एवढं ज्ञान त्या तीन महिन्यांत मलासुद्धा झालं होतं.

"कुठं गेलं?" मी विचारलं.

"गेलं, बाई. आवाजच येईना."

"मग मी आत्ता काय विचारलं ते कसं कळलं?"

बाकीच्या चौकोनांतून खिदळण्याचा आवाज आला. सोनलचा चौकोन काळा झाला.

ही गोष्ट २०२० सालच्या सप्टेंबरातली. शाळा बंद होत्या. इचलकरंजीच्या आमच्या शाळेत नववीला मराठी शिकवणारी मी, चौगुले बाई, निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून धडे घेत होते. पटावर चौसष्ट मुलं, त्यातली वीस-बावीस यायची. प्रत्येकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता मी फोनवरही सोडला नव्हता. आणि वाचायची पाळी आली की सोनलचं नेट जायचं. हे पाचव्यांदा झालं होतं.

गंमत अशी की हीच सोनल त्या वर्षीची माझी सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी होती, आणि तीही केवळ तिच्या वहीमुळे.

मला वह्यांचं वेड होतं, ते आधी कबूल करून टाकते. शाळेच्या व्हरांड्यात मी एक काचेची पेटी लावून घेतली होती. दर आठवड्याला वर्गातली सगळ्यांत स्वच्छ वही तिच्यात उघडून ठेवायची. समास आखलेला हवा, वर उजवीकडे तारीख हवी आणि खाडाखोड अजिबात नको. माझ्या हाताखालून गेलेली माणसं अजूनही तारीख घातल्याशिवाय साधी चिठ्ठी लिहीत नाहीत, याचा मला कोण अभिमान होता. शाळा बंद झाल्यावर ती पेटी मी पालकांच्या ग्रुपवर नेली. मुलं गृहपाठाचे फोटो पाठवायची, त्यातला एक निवडून मी रोज ग्रुपवर टाकायचे. वर 'आजची सुंदर वही', खाली मुलाचं नाव आणि फुलांचे गुच्छ. जूनपासून निम्मे गुच्छ सोनलनेच नेले होते. अक्षर असं, की शाईसुद्धा खूश व्हावी. शुद्धलेखनाची चूक औषधालाही नाही.

मग ही मुलगी वाचायला का पळते? लाजत असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी मी तिला फोन लावला.

"काय गं, आजचा धडा कळला का?"

"कळला की, बाई," ती म्हणाली, आणि दीपगृहाच्या रखवालदाराचा तो अख्खा धडा तिने मला सांगितला. वादळात दिवा विझतो तिथे तिचा आवाज खाली आला. रखवालदाराची बायको जिना चढते तिथे तर पायऱ्यासुद्धा मोजून सांगितल्या. मी स्वतः शिकवताना त्या पायऱ्यांवरून उडी मारून गेले होते.

"मग उद्या वर्गात तेवढा एक परिच्छेद वाचशील?"

पलीकडे तिने कोंबडीला हुसकावलं. मग, "बाई, आमच्याकडं नेट लई जातंय."

दुसऱ्या दिवशी स्वाध्यायपत्रिका वाटायच्या निमित्ताने मी तिच्या घरी जाऊन थडकले.

मुरदंड्यांचं घर यंत्रमागांच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड. सोनलचे वडील, दुंडाप्पा, या शेडात बसून ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे फणीतून ओवायचं काम करत. दोन माणसं समोरासमोर बसतात. एक जण पलीकडून एकच धागा निवडून पुढे देतो, दुसरा तो आकड्याने ओढून घेतो. असे हजारो धागे. एक जरी चुकला तरी कापडभर रेघ उमटते. लॉकडाऊनमध्ये त्यांचा जोडीदार गावी निघून गेला होता. समोर धागा द्यायला आता सोनल बसायची.

सोनलची आई, महानंदाताई, पदराने नाक-तोंड झाकत लगबगीने बाहेर आल्या. "या की बाई! आधी सांगितलं असतं तर जरा आवरून तरी ठेवलं असतं."

"आवरायला कशाला हवं, तुमच्या मुलीची वही बघूनच घर कळतं," मी म्हटलं. त्या अशा फुलल्या, की मला बरं वाटलं. शेजारच्या दोन बायका कुंपणाला रेलून ऐकत होत्या, त्यांनाही ते कळावं म्हणून मी जरा मोठ्यानेच बोलले होते. मग पत्रिका सोनलच्या हातात दिली. "हं, पहिला प्रश्न वाच बघू. इथं नेट नाही नि काही नाही."

सोनलने कागद धरला. "ख... खा... खालील..." ती थांबली. "उ... उरता... उतारा..." बोट ओळीवरून घसरलं, ती खालच्या ओळीवर गेली, परत वर आली. मी वाट पाहायला हवी होती. मी काय केलं ते सांगायची आज लाज वाटते, पण सांगते.

"अगं, नववीत आहेस ना? दुसरीतलं पोरही वाचेल हे! आणि ती वही कुणाची म्हणायची मग?"

कुंपणाजवळची एक बाई फिसकन हसली. सोनलने कागद खाली ठेवला आणि शेडात निघून गेली. पाणी द्यायला महानंदाताई आत गेल्या, तेव्हा उघड्या दारातून मला फळीवरचे डबे दिसले. हळद, मोहरी, तांदूळ. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. तो गोल पोटाचा 'ळ' मी जूनपासून ग्रुपवर मिरवत होते.

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी निघाले. फसवलं गेल्याचा असा संताप आला होता, की घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मुख्याध्यापकांना अर्जसुद्धा लिहून काढला, अर्थात तारीख घालून.

तो अर्ज मी आधी फोनवर निलोफरला ऐकवला. निलोफर मुजावर ही आमच्या भागातल्या शाळांची विशेष शिक्षिका. वयाने माझ्या मुलीएवढी, पण कुणाचा मुलाहिजा न ठेवणारी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तिनं धडा तोंडी सांगितला?"

"अख्खा."

"पायऱ्यांसकट?"

"हो, पण निलोफर, मुद्दा तो नाही. आई वही लिहिते!"

"मुद्दा तोच आहे. कानानं सगळं घेते आणि डोळ्यांना एक ओळ झेपत नाही. तुम्ही चोर पकडायला निघालाय, मॅडम. मला तिथं आठ वर्षं मुकाट्यानं मार खाणारी मुलगी दिसतेय."

तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मी तो मनातला अर्ज मनातच फाडला.

निलोफर आठवड्यातून दोन दुपारी मुरदंड्यांच्या अंगणात बसू लागली. मीही जायचे, थोडी शिकायला आणि थोडी प्रायश्चित्ताला. तिने एका खोक्याचा पुठ्ठा कापून मध्ये एक फट पाडली. तो पुस्तकावर ठेवला की एकच ओळ दिसायची, बाकीचं पान झाकलेलं.

"अक्षरं पळतात ना?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. सोनलने चमकून वर पाहिलं. हे कुणालातरी ठाऊक आहे, यावर तिचा विश्वास बसेना.

"तुमाला कसं कळलं?"

"पुष्कळांची पळतात. तू वेडी नाहीस आणि आळशी तर मुळीच नाहीस. आपण त्यांना एकेकाला धरून आणायचं."

शेडाच्या दारातून दुंडाप्पा हे पाहत असायचे. बोलायचे काही नाहीत. एकदा मात्र अंगणात येऊन त्यांनी तो पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट केला, फटीतून पुस्तकावर नजर टाकली आणि परत ठेवून दिला. "फणीवाणीच हाय," एवढंच म्हणाले.

सोनलला धडे पाठ कसे, तेही तिथेच कळलं. मी ग्रुपवर माझ्या आवाजात अख्खे धडे वाचून टाकायचे. बाप-लेक धागे ओवताना मधोमध फोन ठेवून तेच ऐकायचे, एकदा नाही, चार-चारदा. इतकं मन लावून मला वर्गातही कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबरात निलोफरचा फोन आला. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या तपासणी केंद्राची तारीख मिळाली होती. कुणाचीतरी रद्द झाली म्हणून आपल्याला मिळाली. गुरुवार. मध्ये सहा दिवस. तिथून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, तर दहावीला सोनलला लेखनिक मिळणार होता, तासाला वीस मिनिटं जादा मिळणार होती आणि शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नव्हते.

"नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"तर दहावीचा पेपर तिला एकटीला लिहायचाय. आणि ही तारीख गेली की पुढची कधी, मला सांगता येत नाही." मग ती म्हणाली, "एक अडचण आहे. लॉकडाऊनमध्ये सगळ्याच मुलांचं लिहिणं बिघडलंय. म्हणून त्यांना एका दिवसाचा नाही, काही महिन्यांचे सलग नमुने लागतात. मुलीच्या स्वतःच्या हातचे, तारखांचे, न सुधारलेले. तेवढे मिळवा."

जुन्या वह्या उन्हाळ्यात रद्दीत गेल्या होत्या. आठवीची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती. आणि जूनपासूनची वही तर अख्ख्या ग्रुपने पाहिली होती. चूक औषधालाही नाही, हे मीच म्हटलं होतं. त्याला चव्वेचाळीस गुच्छांची साक्ष होती.

बुधवारी दुपारी मी केंद्राचा फॉर्म आणि रिकामी फाईल घेऊन मुरदंड्यांकडे गेले. महानंदाताईंनी फॉर्म त्यांच्या त्या देखण्या अक्षरात भरला. दोन पानं, एकही खोड नाही. मग मी नमुन्यांचं बोलले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कच्चे कागद हुते की," त्या हळूच म्हणाल्या. "आदी ती कच्चं लिवायची, मग मी वहीत पक्कं करायचो." आमच्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही घरी तशीच बोलते, वर्गात तेवढी शुद्ध होते.

"मग कुठे आहेत ते?"

"बंबात घातले. रोज सकाळी पाणी तापवायला." त्यांचा आवाज चढला. "मग काय करणार हुतो, बाई? कुणाच्या नजरंला पडले असते तर? पयल्या दिशी तिच्या कागदाचा फोटो पाठवायला घेतला आन् फोन परत खाली ठिवला. ग्रुपवर सत्तर मान्सं. म्हटलं, एकदा मी लिवून देतो. तर तुमी दुसऱ्या दिशी तिचं नाव लावलं, फुलं लावली. पोरगी फोन छातीशी धरून झोपली त्या दिशी. आता तुमीच सांगा, तिसऱ्या दिशी मी कसं थांबायचं?"

याचं उत्तर व्हरांड्यातल्या त्या काचेच्या पेटीत होतं आणि ती पेटी माझी होती.

"चूक माझीपण आहे," मी कसंबसं म्हटलं. "पण उद्या कोल्हापूरला..."

"न्हाई जायाचं." त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. "हातानं आपल्या पोरीला ढ म्हणून लिवून आणायचं? कागद जन्माला चिकटतोय, बाई. उद्या सोयरीक बघायला आलेली मान्सं तेच इचारत्याल. मी तीन मार्कानं दहावी ऱ्हायलो. सतरा वर्षं कांडी मशीनवर उभा हाय, सूत गुंडाळत. तिनं उभं ऱ्हाऊ नये म्हणून केलं मी हे."

"आई," सोनल दारातून म्हणाली. ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. "पेपरला तू येणार न्हाईस न्हवं लिवायला?"

सोनलच्या खांद्यावरून दुंडाप्पा वाकून आत आले. डोक्याला सुताचे तंतू चिकटलेले, हातात सुताच्या कोनांचं एक खोकं. त्यांनी ते माझ्यापुढे फरशीवर ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकले.

आत कागद होते. चुरगळलेले आणि मग तळहाताने सपाट केलेले, एकावर एक. 'पाणी'चं 'पीणा', 'दिवा'चं 'वादि', रेघांना धरून नसलेल्या ओळी. मधूनच एखादा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडलेला. आणि प्रत्येक कागदावर, वर उजवीकडे, तारीख. काहींत ९ चा ६ झालेला, पण तारीख होती. माझ्या आयुष्यात माझा हट्ट असा कामाला आला नव्हता.

"हे... बंबात घातलेले," महानंदाताई म्हणाल्या.

"सकाळी बंब कोण पेटवतंय?" दुंडाप्पा म्हणाले.

"मग जाळले का न्हाईत?"

त्यांनी पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा एक धागा बाजूला केला. "जाळवलं न्हाई."

"का पण?"

मग ते बायकोकडे नाही, सोनलकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलू लागले. मास्तरांशी बोलावं तसं, अगदी खालच्या आवाजात.

"जूनमदी पयला कागद काढला पेटवायला. बगितला. मला वाटलं, माजंच अक्षर हाय. चौथीतलं. माजी बी अक्षरं अशीच पळायची, बाई. मास्तरांनी माजी वही समद्या वर्गातनं फिरवली, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर. पोरं लई हसली. दुसऱ्या दिशी जे मागावर गेलो, ते हितंच हाय. पस्तीस वर्षं झाली. वाटायचं, असलं डोस्कं देवानं एकालाच दिलंय." त्यांनी डोक्याला चिकटलेला एक तंतू ओढून काढला. "सोनीचा कागद बगून वाईट वाटलं. आन् बरं बी वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली. म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. पण जाळवलं न्हाई."

महानंदाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "लगीन झाल्यापासनं लाईटबिल मी वाचतो. लग्नाच्या पत्रिका मी वाचतो. कवा म्हणायचे चष्मा घरी ऱ्हायला, कवा म्हणायचे तू वाच, तुजा आवाज ग्वाड हाय..."

"ते खोटं न्हाई," दुंडाप्पा म्हणाले. "आवाज ग्वाडच हाय."

सोनल एकदम हसली. रडता रडता हसली, आणि मग आम्हा सगळ्यांनाच ते सोपं झालं. मी डोळे पुसायला पदर घेतला, तो मास्कमध्ये अडकला आणि माझं हसं झालं. कुणाच्या हसण्याचा इतका आनंद मला कधी झाला नाही.

सोनल वडिलांजवळ जाऊन बसली. "पप्पा, तुमची अक्षरं अजून पळत्यात?"

"मी बगायचंच सोडून दिलंय, बाळ."

मी एकेक कागद तारखेनुसार लावू लागले. महानंदाताई फाईलला भोकं पाडून देत होत्या. शेवटचा कागद लागल्यावर त्यांनी उलटा ठेवलेला फॉर्म सरळ केला. दुसऱ्या पानावर तळाशी एक प्रश्न होता, घाईत भरताना त्यांनी तो एका शब्दात उरकला होता. कुटुंबात इतर कुणाला वाचन-लेखनाची अशीच अडचण आहे का? पुढे टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

त्यांनी तो प्रश्न मोठ्याने वाचला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"लिव," दुंडाप्पा म्हणाले.

आयुष्यात खाडाखोड न केलेल्या त्या बाईने पेन घेतलं, 'नाही'वर आडवी रेघ मारली, ती वाकडी झाली म्हणून दुसरी मारली, आणि वर उरलेल्या बोटभर जागेत दाटीवाटीने लिहिलं, 'हो. वडील.' शाई थोडी फरफटली.

"बाई, घाण झालं वो," त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या. "दुसरा फॉर्म हाय का?"

दुसरा होता, माझ्या पर्समध्येच होता. "नाही," मी म्हटलं. "हाच जाऊ दे."

गुरुवारी आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन तास सोनलची तपासणी केली, फाईल शांतपणे चाळली आणि तो शेवटचा प्रश्न आला तेव्हा चष्म्यावरून दुंडाप्पांकडे पाहून म्हणाल्या, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत." प्रमाणपत्र यायला तीन-चार महिने लागले, पण आलं. शाळा उघडल्यावर मी सगळ्यांत आधी व्हरांड्यातली ती पेटी काढून टाकली. शिपाई म्हणाला, "बाई, काचंचं काय करू?" मी म्हटलं, घरी ने आणि देवाच्या फोटोला लाव. त्याने खरंच लावली.

दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या वर्गातून गेलेल्या प्रत्येक पास झालेल्या मुलाला मी हाताने लिहिलेलं एक कार्ड देते, ती सवय मात्र राहिली. सोनल दहावीला बसली तेव्हा नववीतली एक मुलगी तिची लेखनिक होती. सोनल सांगायची, ती लिहायची. निकाल लागला. सोनलला एकसष्ट टक्के, आणि मराठीत चौऱ्याहत्तर. तिघंही शाळेत आली होती. महानंदाताईंनी पेढ्यांचा पुडा आणला होता, दुंडाप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी कार्ड सोनलच्या हातात दिलं. तिने ते न वाचताच वडिलांच्या हातात दिलं.

मला वाटलं, ते नेहमीप्रमाणे बायकोकडे देतील. पण त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. मध्ये फट होती. कडा मऊ पडलेल्या, घामाने काळवंडलेल्या. तो बराच वापरात असणार. व्हरांड्याच्या कठड्यावर कार्ड ठेवून त्यांनी वर पुठ्ठा धरला.

"सो... न... ल," ते वाचू लागले. "दुं... डा... प्पा..." स्वतःचं नाव आल्यावर जरा थबकले आणि पुठ्ठा पुढे सरकवला. "मु... र... दं... डे. द... हा... वी. उ..."

तिथे अडले. जोडाक्षर होतं. बोट मागे आलं, परत पुढे गेलं. महानंदाताईंचे ओठ आपोआप हलले, शब्द त्यांच्या जिभेवरच आला होता.

सोनलने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आई, सांगू नको," ती म्हणाली. "त्यास्नी जादा वेळ दे."

महानंदाताईंनी तोंडाला पदर लावला. आम्ही तिघी तिथे थांबलो. घंटा झाली, मुलं बाजूने धावत गेली, कुणीतरी पेढे मागून गेलं. दुंडाप्पा फटीतून बघत होते. आम्हाला कुणालाच घाई नव्हती.